ओडिया व ह्मोंग भाषा : तौलनिक समीक्षा

ओडिया ही भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील ओडिशा राज्याची भाषा, तर ह्मोंग ही दक्षिण चीनपासून व्हिएटनाम, लाओस व थायलंडपर्यंत पसरलेल्या डोंगराळ प्रदेशातील एका समाजाची भाषा होय. या दोन भाषांत कुलसंबंध नाही. समान मूळ असलेल्या भाषांची रूपे शेजारी ठेवून त्यांच्या पूर्वजभाषेचा शोध घेणे, हे एकोणिसाव्या शतकातील तौलनिक भाषाशास्त्राचे मुख्य कार्य होते. ते कार्य येथे संभवत नाही. तथापि परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांची तुलनाही उपयुक्त ठरते. मानवी भाषा एकच कार्य किती निरनिराळ्या मार्गांनी पार पाडते, हे तिच्यामुळे स्पष्ट होते. शिवाय भाषांना ‘समृद्ध’ किंवा ‘अविकसित’ ठरविण्यासाठी जे निकष सहजपणे वापरले जातात, त्यांची परीक्षाही अशा तुलनेतून होते. ओडियाला सुमारे हजार वर्षांची लेखनपरंपरा आहे. ह्मोंगला विसाव्या शतकापूर्वी सर्वमान्य अशी लिपी नव्हती. एवढ्यावरून एक भाषा पूर्ण व दुसरी अपुरी असा निष्कर्ष काढला जातो. तो कितपत टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत तुलनेचा हेतू आहे.

कुल व प्रदेश : ओडिया ही इंडो-यूरोपियन कुलाच्या भारतीय आर्य शाखेतील पूर्वेकडील भाषा असून बंगाली व असमिया या तिच्या निकटच्या भगिनी होत. मागधी प्राकृत व तिच्यापासून निघालेला अपभ्रंश यांच्याशी या तिन्ही भाषांचा संबंध जोडला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार ओडिया मातृभाषकांची संख्या सु. ३ कोटी ७५ लाख होती. भाषेचे रोमन लिपीतील व अधिकृत नाव २०११ मध्ये बदलण्यात आले; त्यापूर्वी मराठीत ती प्रायः ‘उडिया’ या नावाने ओळखली जाई. ओडिशाच्या अंतर्भागात संथाळी, सोरा यांसारख्या ऑस्ट्रो-आशियाई आणि कुई, गोंडी यांसारख्या द्राविडी भाषा बोलल्या जातात. त्यामुळे ओडियाचा या दोन्ही कुलांशी दीर्घकाळ संपर्क राहिला आहे.

ह्मोंग ही ह्मोंग-मिएन कुलातील भाषा आहे. या कुलाला पूर्वी म्याव-याव असे म्हणत. चिनी अभ्यासकांनी त्याचा अंतर्भाव दीर्घकाळ चिनी-तिबेटी कुलात केला. परंतु चिनीशी दिसणारे पुष्कळसे साम्य उसनवारीमुळे व सान्निध्यामुळे आलेले असल्याने आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते स्वतंत्र कुल मानतात. चीनमध्ये ‘म्याव’ या एका नावाखाली परस्परांना न समजणाऱ्या अनेक भाषा गणल्या जातात. ह्मोंग ही त्यांपैकी पश्चिमेकडील शाखेतील होय. तिच्या बोलींपैकी लाओसमधील ‘ह्मोंग दाउ’ (श्वेत ह्मोंग) व ‘मोंग लेंग’ (हरित ह्मोंग) या दोन विशेष परिचित आहेत. १९७५ मध्ये लाओसमध्ये साम्यवादी राजवट आल्यानंतर हजारो ह्मोंग कुटुंबे थायलंडमधील निर्वासित छावण्यांत आली व तेथून अमेरिकेची संयुक्त संस्थाने, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इ. देशांत गेली. अमेरिकेत कॅलिफोर्निया, मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांत त्यांची मोठी वस्ती आहे.

ध्वनिविचार : दोन्ही भाषांत साधे स्वर सहा आहेत, हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. ओडियात इ, ए, आ, ऑ, ओ, उ हे स्वर आढळतात. ऱ्हस्व-दीर्घ भेद लेखनात असला, तरी उच्चारात तो अर्थभेदक नाही. मराठीत ‘घर’ या शब्दातील अंत्य अकार उच्चारातून लोपला आहे. ओडियात तो टिकून असून हा शब्द सामान्यतः ‘घॉरॉ’ असा दोन अवयवांचा उच्चारला जातो. अंत्य स्वराचे हे रक्षण ओडियाला तिच्या अनेक भगिनींपासून वेगळे करते. बंगाली व असमिया यांनी गमावलेले ‘ण’ व ‘ळ’ हे ध्वनीही ओडियाने राखले आहेत. ‘फळ’ या शब्दातील ळकार मराठीप्रमाणेच ओडियातही स्पष्ट ऐकू येतो. सघोष महाप्राण व्यंजने पूर्णपणे टिकून आहेत; श, ष, स या तीन वर्णांच्या जागी मात्र उच्चारात साधारणपणे एकटा ‘स’च उरला आहे.

ह्मोंगची ध्वनिव्यवस्था अगदी निराळ्या पायावर उभी आहे. तिच्यातील बहुतेक शब्द एकावयवी असून अवयवाची घडण आद्य व्यंजन, स्वर व सूर अशी असते. अवयवाच्या शेवटी स्पर्शव्यंजन येत नाही. फार तर स्वर सानुनासिक होतो. शेवटची ही उणीव आरंभी भरून निघते. श्वेत ह्मोंगमध्ये आद्यस्थानी येऊ शकणारी व्यंजने व व्यंजनयुग्मे पन्नासाहून अधिक आहेत. त्यांत महाप्राण, अनुनासिकपूर्व व जिभेच्या कडांवरून सुटणारी युग्मे, पडजिभेजवळ उच्चारली जाणारी व्यंजने आणि अघोष अनुनासिके यांचा समावेश होतो. ‘ह्मोंग’ या नावातील पहिला ध्वनी असेच अघोष अनुनासिक आहे. मराठीतील ‘म्हातारा’ या शब्दातील ‘म्ह’ सघोष असल्याने तो त्याला जवळचा वाटला, तरी त्याच्याशी एकरूप नाही. मोंग लेंग बोलीत हे अघोष अनुनासिक नसल्याने तिचे भाषक स्वतःला ‘मोंग’ म्हणवितात.

ह्मोंगचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे सूर. सात सूर अर्थभेदक आहेत. आठवा सूर लेखनात दाखवितात, पण तो सातव्यांपैकी एकाचा संदर्भानुसार होणारा विकार आहे. ‘पॉ’ हा एकच अवयव उच्च, उच्च-अवरोही, मध्य-आरोही, मध्य, निम्न, श्वासयुक्त व कंठरोधयुक्त अशा सात सुरांत उच्चारला असता अनुक्रमे चेंडू, स्त्री, फेकणे, प्लीहा, काटा, आजी (वडिलांची आई) व पाहणे असे सात अर्थ होतात. यावरून सूर म्हणजे शब्दावर चढविलेला अलंकार नव्हे, तो शब्दाचा घटकच आहे, हे दिसून येते. ह्मोंग लोकांचे ‘केंग’ नावाचे बांबूच्या नळ्यांचे वाद्य सुरांच्या याच रचनेवर ‘बोलते’. अंत्यविधीत ते वाजविले जाते, तेव्हा जाणकाराला त्यातून शब्द ऐकू येतात.

रूपविचार व वाक्यविचार : ओडियात व्याकरणिक लिंग नाही. वचने दोन असून विभक्तीचे अर्थ ‘-कु’, ‘-रे’, ‘-र’, ‘-रु’ इ. प्रत्ययांनी दाखविले जातात. क्रियापद पुरुष, वचन व आदर यांनुसार बदलते. भूतकाळाचा लकार ओडिया व मराठी यांत समान आहे : मराठी ‘तो गेला’, ओडिया ‘से गला’. परंतु ‘मुँ गलि’ हे रूप ऐकून मराठी माणसाला स्त्रीलिंगाचा भास होतो, तो चुकीचा होय. ‘गलि’ हे प्रथमपुरुषी एकवचन असून पुरुष व स्त्री दोघेही तेच वापरतात. मराठीने लकारान्त रूपाला लिंगाचे प्रत्यय लावले. ओडियाने पुरुषाचे लावले. मध्यमपुरुषात ‘तु’, ‘तुमे’ व ‘आपण’ अशा तीन आदरश्रेणी आहेत व क्रियापदही त्यांच्याप्रमाणे चालते.

ह्मोंगमध्ये विभक्तिप्रत्यय नाहीत व क्रियापदाला काळ, पुरुष किंवा वचन यांचे विकार होत नाहीत. क्रिया पूर्ण झाली आहे, चालू आहे किंवा होणार आहे, हे स्वतंत्र शब्दांनी सांगितले जाते. कर्ता-क्रियापद-कर्म हा वाक्यक्रम आहे. ‘मी कुत्रा पाहिला’ (विशिष्ट कुत्रा) हे वाक्य ओडियात ‘मुँ कुकुरटिकु देखिलि’ असे होते, तर ह्मोंगमध्ये ‘कु पॉ तु दे’ असे चार सुटे शब्द येतात : मी, पाहणे, वर्गवाचक शब्द व कुत्रा. ‘कुत्र्याने मला पाहिले’ असे म्हणावयाचे असल्यास ओडियात ‘कुकुरटि मोते देखिला’ असे तीनही शब्द बदलतात. ह्मोंगमध्ये ‘तु दे पॉ कु’ असा केवळ क्रम बदलतो, शब्द मात्र तेच राहतात. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. कर्त्याची व कर्माची ओळख प्रत्ययांनी पटत असल्यामुळे ओडियात भर देण्यासाठी शब्दांची जागा बदलता येते. ह्मोंगमध्ये ही मोकळीक बरीच मर्यादित आहे. एका भाषेने शब्दाच्या अंती जी माहिती साठविली, ती दुसरीने शब्दांच्या क्रमात साठविली आहे.

वरील वाक्यांतील ‘टि’ व ‘तु’ विशेष लक्षणीय आहेत. ओडियात ‘टि’ किंवा ‘टा’ हा वर्गवाचक प्रत्यय संख्येला लागतो : ‘दुइटि पिला’ म्हणजे दोन मुले. तोच नामाला लागला, की नाम निश्चित होते : ‘पिलाटि’ म्हणजे ते (विशिष्ट) मूल. ह्मोंगमध्येही संख्या व नाम यांच्यामध्ये वर्गवाचक शब्द यावा लागतो : ‘ऑ तु दे’ म्हणजे दोन कुत्रे. संख्या नसताना ‘तु दे’ एवढेच म्हटले, की ‘तो (विशिष्ट) कुत्रा’ असा अर्थ होतो. सजीवांसाठी व काही लांबट वस्तूंसाठी ‘तु’, गोल अथवा आकारमान असलेल्या वस्तूंसाठी ‘लु’, सपाट वस्तूंसाठी आणखी वेगळा, अशी ह्मोंगमधील वर्गवाचकांची योजना ओडियाहून पुष्कळ विस्तृत आहे. मराठीत ‘दहा जण’ यासारख्या प्रयोगात या प्रवृत्तीचा मर्यादित अवशेष दिसतो. नाम मोजण्याचे साधनच नाम निश्चित करण्यास वापरावे, ही कल्पना दोन असंबद्ध भाषांना स्वतंत्रपणे सुचली आहे. अशा साम्यावरून नाते सिद्ध होत नाही. नाते सिद्ध होण्यास मूळ शब्दांतील नियमित ध्वनिसंवाद लागतो व तो येथे मुळीच नाही.

ह्मोंगला ‘व्याकरण नसलेली’ भाषा म्हणण्याचा प्रघात एकेकाळी होता. तो निराधार आहे. तिच्या सर्वनामांत एकवचन, द्विवचन व बहुवचन असे तीन भेद आहेत. संस्कृतातील द्विवचन ओडियात व मराठीत केव्हाच नष्ट झाले. ह्मोंगमध्ये मात्र ‘तुम्ही दोघे’ व ‘तुम्ही (तीन किंवा अधिक)’ यांसाठी वेगळी सर्वनामे आहेत. दोहोंचा उच्चार ‘ने’ असाच आहे. पहिल्याचा सूर उच्च व दुसऱ्याचा उच्च-अवरोही, एवढाच काय तो भेद. ‘एक’ व ‘दोन’ या संख्यांनंतर ‘तु’ हा वर्गवाचक निराळ्या सुरात उच्चारला जातो. संस्कृतप्रभावित भाषांत जशी वर्णांची संधी होते, तशी येथे सुरांची होते. मार्था रॅटलिफ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्मोंगमधील सूर केवळ शब्दभेदक नसून काही ठिकाणी व्याकरणिक अर्थही वाहतात, हे तपशिलाने दाखविले आहे. प्रत्ययांचा शोध घेणाऱ्यास ह्मोंगमध्ये काही सापडत नाही, याचे कारण तो चुकीच्या जागी शोधतो, हे होय.

शब्दसंग्रह व शैली : ओडियाचा शब्दसंग्रह तद्भव, तत्सम, देशी व परकीय अशा थरांचा आहे. फार्सीतून आलेला ‘हजार’ मराठीप्रमाणे ओडियातही रूढ आहे. ह्मोंगने ‘शंभर’ व ‘हजार’ हे दोन्ही शब्द चिनीतून घेतले. बाजार व राज्यकारभार यांची भाषा मोठ्या संख्यांसाठी शब्द पुरविते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. प्रौढ शैली साधण्याचे मार्ग मात्र भिन्न आहेत. ओडियात भारदस्तपणा तत्सम शब्दांनी व समासांनी येतो. ह्मोंगमध्ये तो चार अवयवांच्या जोडवाक्प्रचारांनी येतो : ‘चवीने खाणे, चांगले राहणे’ अशा अर्थाच्या चार शब्दांचा समूह आरोग्य व सुखरूपता यांसाठी वापरला जातो. लग्नाच्या बोलणीत, अंत्यविधीच्या मार्गदर्शक गीतांत व प्रेमगीतांत अशा समांतर रचनेचे प्रभुत्व हीच वक्त्याची कसोटी मानली जाते. लिखित वाङ्मय नसणे व वाङ्मयीन शैली नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे उत्तम उदाहरण होय. ओडियातही लेखन व श्रवण यांची फारकत पूर्ण झाली नव्हती. पंधराव्या शतकातील सारळा दास यांचे महाभारत व सोळाव्या शतकातील जगन्नाथ दास यांचे भागवत यांचा प्रसार वाचनापेक्षा श्रवणाने अधिक झाला. गावोगावच्या ‘भागवत टुंगी’त निरक्षर श्रोत्यांनीही भागवत आत्मसात केले.

लिपी : ओडिया लिपी ब्राह्मीपासून उद्‌भवली असून अकराव्या शतकापासूनचे ओडिया भाषेतील कोरीव लेख उपलब्ध आहेत. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने आडवी रेघ ओढल्यास पान चिरते. त्यामुळे शिरोरेखेऐवजी अक्षरांच्या माथ्यावर वाटोळे वळण आले, असे सामान्यतः मानले जाते. या समान वळणामुळे अक्षरे परस्परांसारखी दिसतात. ग्रीअर्सन यांनी आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीत ओडियाच्या क्रियापदव्यवस्थेची प्रशंसा केली. पण तिची लिपी मात्र बोजड ठरविली. हा अभिप्राय लिपीच्या बाह्य रूपासंबंधी आहे. तिचे खरे वैगुण्य वेगळे आहे : उच्चारातून गेलेले ऱ्हस्व-दीर्घ भेद व तीन ऊष्मवर्ण लेखनात संस्कृत व्युत्पत्तीनुसार राखले जात असल्याने शुद्धलेखन शिकणाऱ्यावर पाठांतराचा भार पडतो. परंतु त्यामुळेच ओडिया वाचकाचा तत्सम शब्दसंग्रहाशी व अन्य भारतीय भाषांशी दृष्टीचा संबंध अखंड राहिला, हेही नाकारता येत नाही.

ह्मोंगसाठी विसाव्या शतकात अनेक लिप्या तयार झाल्या. सॅम्युएल पोलार्ड या मिशनऱ्याने शतकाच्या पहिल्या दशकात चीनमध्ये ह्मोंगच्या एका भगिनीभाषेसाठी भौमितिक चिन्हांची लिपी योजली. १९५१–५३ या काळात लाओसमध्ये विल्यम स्मॉली, लिनवुड बार्नी व ईव्ह बेर्त्रे या मिशनऱ्यांनी ह्मोंगची रोमन लेखनपद्धती सिद्ध केली. चीन व व्हिएटनाममध्ये तेथील शासनांनी निराळ्या रोमन पद्धती स्वीकारल्या. लाओसमधील पद्धतीची युक्ती साधी व चतुर आहे. ह्मोंग अवयवाच्या शेवटी व्यंजन येत नसल्यामुळे रोमन व्यंजनाक्षरे तेथे मोकळी होती; ती सुरांची चिन्हे म्हणून वापरण्यात आली. स्वर दोनदा लिहिला, की तो सानुनासिक समजावा, असाही संकेत ठरला. साध्या टंकलेखन यंत्रावर, मात्रा किंवा विशेष चिन्हे न वापरता, सर्व सूर नोंदविता येऊ लागले. उच्चाराशी इमान राखण्याच्या बाबतीत ही पद्धती ओडिया शुद्धलेखनाहून काटेकोर आहे. तिची मर्यादा वाचकाच्या बाजूने जाणवते : ‘ह्मोंग’ या नावाचेच लेखन ‘बी’ या अक्षराने संपते व संकेत न जाणणारा इंग्रजी वाचक त्याचा उच्चार ‘हमूब’सारखा करतो. शिवाय प्रसारात श्वेत ह्मोंगच्या उच्चारानुसार होणारे लेखन प्रमाण ठरत गेल्याने मोंग लेंग भाषकांना आपल्या बोलीला दुय्यम स्थान मिळाल्यासारखे वाटले.

याहून वेगळी घटना १९५९ मध्ये घडली. लाओस-व्हिएटनाम सीमेवरील शाँग लू यांग या निरक्षर शेतकऱ्याने ‘पहाउ’ नावाची स्वतंत्र ह्मोंग लिपी निर्माण केली. ती आपणास दैवी प्रेरणेने प्राप्त झाली, असे तो म्हणे. पुढे त्याने तिच्यात टप्प्याटप्प्याने सुधारणा केल्या. त्याच्या वाढत्या प्रभावामुळे युद्धातील दोन्ही पक्षांना त्याचा संशय आला व १९७१ मध्ये त्याची हत्या झाली. भारतीय वाचकास या लिपीची रचना विशेष उद्‌बोधक वाटेल. ओडिया व देवनागरी या लिप्यांत व्यंजन हा अक्षराचा कणा असून त्यात अकार गृहीत असतो व अन्य स्वर चिन्हांनी जोडले जातात. पहाउ लिपीत हे नाते उलटे आहे : स्वर हा कणा असून एकटे स्वरचिन्ह लिहिल्यास त्याच्याआधी ‘क’ हे व्यंजन गृहीत धरले जाते. शिवाय वाचताना व्यंजन प्रथम उच्चारले जात असले, तरी लिहिताना स्वर व त्याचा सूर आधी येतो. ओडियातही एकाराचे चिन्ह व्यंजनाच्या डावीकडे लिहितात. लेखनक्रम व उच्चारक्रम यांतील जो विसंवाद तेथे अपवादाने आढळतो, तो पहाउ लिपीचा नियमच आहे. स्वर व सूर यांना प्राधान्य देणारी ही व्यवस्था ह्मोंग अवयवाच्या घडणीला साजेशी आहे आणि ती कोणत्याही ज्ञात लिपीचे अनुकरण नव्हे. भाषेचे ध्वनिविश्लेषण करण्याची शक्ती लेखनपरंपरेनेच येते, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

मान्यतेचा प्रश्न : लिपी व प्राचीन ग्रंथ असले, की भाषेचे स्थान सुरक्षित राहते, असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओडियाला याचा अनुभव आला. १८७० मध्ये कांतिचंद्र भट्टाचार्य यांनी ओडिया ही स्वतंत्र भाषा नसल्याचे प्रतिपादन करणारी बंगाली पुस्तिका प्रसिद्ध केली. शाळांत बंगाली पाठ्यपुस्तके चालावीत, हा या वादाचा व्यावहारिक आशय होता. बालेश्वर येथे जिल्हाधिकारी असलेले जॉन बीम्स यांनी भाषाशास्त्रीय पुराव्याने ओडियाचे स्वातंत्र्य प्रतिपादन केले. फकीरमोहन सेनापती (१८४३–१९१८) यांनी पाठ्यपुस्तके, मुद्रणालय व पुढे कथा-कादंबऱ्या यांद्वारा त्या प्रतिपादनाला वाङ्मयीन आधार दिला. संबळपूर जिल्हा त्या काळी नागपूरहून चालविल्या जाणाऱ्या मध्य प्रांतात होता. तेथील कचेऱ्यांतून ओडिया काढून हिंदी आणण्याचा निर्णय १८९५ मध्ये झाला. लोकविरोधामुळे १९०३ मध्ये ओडिया पुन्हा आली व १९०५ मध्ये संबळपूर ओडिशाच्या इतर भागांशी जोडले गेले. १ एप्रिल १९३६ रोजी ओडिशा हा स्वतंत्र प्रांत झाला. २०१४ मध्ये ओडियाला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीला तो २०२४ मध्ये प्राप्त झाला.

ह्मोंगच्या बाबतीत प्रश्न याच स्वरूपाचा, पण साधने वेगळी होती. ह्मोंग लोककथांत पूर्वी असलेले व नंतर हरवलेले पुस्तक वारंवार येते. स्थलांतरात नदी ओलांडताना ते नष्ट झाले, असे कोणी सांगतात; स्त्रियांच्या घागऱ्यांवरील नक्षीत त्याची अक्षरे उरली आहेत, असेही मानले जाते. या कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाहीत. मात्र लिपीचा अभाव हा समाजाला अपमानासारखा वाटत होता, याची त्या साक्ष देतात. सोयीची रोमन पद्धती उपलब्ध असतानाही अनेकांना पहाउ लिपी आपली वाटली, याचे कारण येथे सापडते. २०१४ मध्ये पहाउ लिपीचा युनिकोड या आंतरराष्ट्रीय संगणकीय वर्णसंचात समावेश झाला. ओडिया लिपी त्यात प्रारंभापासून, १९९१ पासून, आहे.

लिपीविषयीची ही ओढ ओडिशाच्या भूमीवरही दिसून येते. मयूरभंजचे रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथाळीसाठी ‘ओल चिकी’ लिपी निर्माण केली. १९३६ मध्ये, म्हणजे ओडिशा प्रांत अस्तित्वात आला त्याच वर्षी, मांगेइ गोमांगो यांनी सोरा भाषेसाठी ‘सोरांग सोम्पेंग’ लिपी योजली. ओडिया लिपी जवळ असूनही या समाजांना तिच्यावर थांबावेसे वाटले नाही. बंगालीच्या छायेत आपण झाकले जाऊ, ही जी भीती ओडिया भाषकांना होती, तीच ओडियाच्या छायेत असलेल्या लहान भाषांनाही वाटत होती.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की भाषेची गुंतागुंत निरनिराळ्या जागी वसते. ओडियात ती क्रियापदाच्या रूपांत, आदरश्रेणीत व तत्सम-तद्भव थरांत आहे. ह्मोंगमध्ये ती आद्य व्यंजने, सूर, वर्गवाचक शब्द व द्विवचनी सर्वनामे यांत आहे. एकीच्या मापाने दुसरीला मोजल्यास दोन्ही भाषा दरिद्री ठरतील. दुसरा निष्कर्ष लिपीसंबंधी आहे. उच्चाराशी जुळण्याच्या कसोटीवर ह्मोंगची रोमन पद्धती व पहाउ लिपी या ओडिया लेखनापेक्षा सरस आहेत. परंतु हजार वर्षांचे साहित्य व कोट्यवधी वाचक यांची जोड असल्यामुळे ओडिया लिपीचे कार्य अधिक व्यापक आहे. लिपीचे यश ध्वनिशास्त्रापेक्षा शाळा, मुद्रण व वाचकवर्ग यांवर अवलंबून असते. एकाच भाषेसाठी अनेक लिप्या झाल्यामुळे ह्मोंग वाचकवर्ग देशोदेशी विभागला गेला, हे त्या प्रयत्नांचे वैगुण्यच म्हणावे लागेल.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा होय. प्राचीन लिखित पुरावा हा निकष भाषेच्या योग्यतेचा नसून तिच्या अभिलेखांच्या जतनाचा आहे. अभिजाततेसारखे मान त्या मर्यादेत योग्यच आहेत. पण त्यांवरून ज्या भाषांना ते मिळू शकत नाहीत त्यांची पायरी ठरविणे अशास्त्रीय ठरते. १८७० मध्ये ओडियाला लागू केलेला तर्क हाच होता : ज्या भाषेत पुरेशी छापील पुस्तके नाहीत, ती दुसरीची बोली. ओडियाने पुस्तके निर्माण करून त्याला उत्तर दिले. परंतु तिची पुस्तके झाली नसती, तरी तर्क बरोबर ठरला नसता. ह्मोंगपुढील आजचे संकट लिपीच्या अभावाचे राहिलेले नाही. परदेशांत वाढलेल्या पिढ्यांच्या घरात ती बोलली जाईल काय, असे त्याचे स्वरूप आहे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही लिपी एकटी देऊ शकत नाही. ओडियापुढील प्रश्न याच्या उलट बाजूचा आहे : स्वतःच्या मान्यतेसाठी तिने जे युक्तिवाद केले, ते संथाळी, सोरा व कुई यांसारख्या आपल्या शेजारी भाषांनाही लागू आहेत, हे ती कितपत मान्य करते, यावर तिच्या त्या इतिहासाचे मोल ठरेल.